बोसनची परीक्षा बोसननाच देऊ द्या

वाचकाचं पत्र

नमस्कार सर,

मी एका बल्क कॅरिअरवर (सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) थर्ड ऑफिसर आहे. लाइफबोटी, राफ्ट (फुगणारे तराफे) आणि आग विझवण्याचं सगळं सामान माझ्याकडे असतं. या खेपेला कॅप्टनसाहेबांनी आणखी एक काम सोपवलंय: जहाजावरच्या प्रत्येकाचं ऑनलाइन ट्रेनिंग वेळेत पूर्ण करून घ्यायचं. कंपनी दर महिन्याला मॉड्यूल पाठवते. बंदिस्त जागेत प्रवेश, आग, मूरिंग (जहाज दोरांनी धक्क्याला बांधणं), सायबर सुरक्षा, छळवणूक, असं बरंच काही. महिनाअखेरीला ऑफिसला आकडा जातो आणि तो शंभर टक्के नसला की विचारणा करणारा मेल येतो.

खरं सांगायचं तर कोणीही ते नीट बघत नाही. व्हिडिओ चालू ठेवून लोक उठून जातात. उत्तरांची एक वही तयार झालीय, ती हातोहात फिरते. आमचे बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, माझ्या वडिलांच्या वयाचे, कामात एकदम पक्के. त्यांनी चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला आणि म्हणाले, "साहेब, माझं तेवढं तुम्हीच करून टाका. कॉम्प्युटरचं मला जमत नाही, आणि दिवसभर होल्डमध्ये (मालाच्या कोठारात) राबल्यावर डोळे उघडे राहत नाहीत." मी अजून केलेलं नाही. नाही म्हटलं तर डेकवर त्यांची साथ मिळणार नाही अशी भीती वाटते. केलं तर कोणाचं काय बिघडणार, असंही मनात येतं. त्यांना हे सगळं येतंच की.

दुसरं म्हणजे सुट्टीत मला बेसिक सेफ्टीचा रिफ्रेशर करायचाय. एका एजंटचा मेसेज आलाय की तो घरी बसून, पूर्ण ऑनलाइन करून मिळेल, आणि कोर्स त्याच्याकडून घेतला तर पुढचं जहाजही तोच लावून देईल. या भानगडीत पडावं का?

एक थर्ड ऑफिसर

उत्तर

महिना संपत आलाय म्हणून आधी पहिल्या प्रश्नाचं बोलतो. बोसनची परीक्षा तुम्ही देऊ नका. एकाही मॉड्यूलची नाही, अगदी सोप्यातल्या सोप्याचीही नाही.

कोणाचं काय बिघडणार, असं तुम्ही विचारलंय. तुमच्याच जहाजावरचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. होल्डमध्ये कोळसा किंवा लाकूड भरलंय. हा माल बंद होल्डमध्ये नुसता पडून असला तरी आतल्या हवेतला ऑक्सिजन खात असतो, आणि होल्डमध्ये उतरण्याच्या बंदिस्त जिन्यातही तीच हवा साचते. तोल राखायला पाणी भरतात त्या बॅलास्ट टँकमध्ये आणि नांगराची साखळी ठेवतात त्या चेन लॉकरमध्ये तर मालही लागत नाही, गंज तेच काम करतो. डोळ्यांना काही दिसत नाही, नाकाला वास येत नाही. साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. तो फार खाली गेलेला असेल तर माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. धाप लागली, गुदमरायला झालं, म्हणून मागे फिरलो, अशी सवड तिथे मिळत नाही. खाली पडलेला सोबती वरून दिसतो आणि वर उभा असलेला माणूस मागचापुढचा विचार न करता उतरतो. बंदिस्त जागांच्या अपघातांमध्ये वाचवायला गेलेल्यांचेच जीव गेल्याचं पुन्हापुन्हा घडलंय. एकाच्या जागी दोन किंवा तीन गेले आहेत.

तुमच्या जहाजावर अशा जागेच्या तोंडाशी कोण उभं असतं? बोसन. त्या क्षणी कोणी धावत जाऊन भिंतीवरचा ईईबीडी (संकटात निसटण्यासाठीचा छोटा श्वसन संच) काढून आणला, तर तो डोक्यात घालून खाली जाता येईल असं घाबरलेल्या माणसाला सहज वाटतं. ईईबीडी हा बाहेर पडण्यासाठी असतो. त्यात निदान दहा मिनिटांपुरती हवा असावी एवढीच अट आहे, आणि आग विझवायला किंवा ऑक्सिजन कमी असलेल्या टाकीत शिरायला तो वापरायचा नाही हे नियमातच लिहिलंय. मॉड्यूलमध्ये ते एका वाक्यात सांगितलेलं असतं. बोसनना ते माहीत असेल, बहुधा आहेच. पण त्यांच्या नावापुढे हिरवी खूण पडली की ते 'बहुधा' गळून पडतं. उद्या नवा चीफ ऑफिसर येईल. त्याने बोसनना काम करताना कधी पाहिलेलं नसेल. ट्रेनिंगचा तक्ता बघून तो बचाव पथकात कोण ते ठरवेल. तक्ता खोटा असेल तर त्याचा निर्णयही खोट्यावर उभा राहील, आणि ते खोटं तुमच्या हातचं असेल.

तुमची स्वतःची बाजूही सांगतो, कारण ती तुम्ही पत्रात धरलेली दिसत नाही. अशा ट्रेनिंग यंत्रणांमध्ये कोणी कधी लॉग इन केलं आणि मॉड्यूलला किती वेळ दिला याची नोंद सहसा राहते. दुपारी अडीच वाजता बोसननी सहा मिनिटांत मॉड्यूल संपवलं असं तिथे दिसतं, आणि डेक लॉगप्रमाणे त्याच वेळी ते फोक्सलवर (जहाजाच्या पुढच्या टोकावर) मूरिंगला उभे होते. अपघात झाला की चौकशी करणारे हेच दोन कागद शेजारी ठेवतात. तुमची अजून सगळी कारकीर्द पुढे आहे.

पासवर्डची ती चिठ्ठी आजच फाडा आणि बोसनना पासवर्ड बदलून द्यायला बसा. बरेच जण एकच पासवर्ड कंपनीच्या कामाला, ईमेलला आणि बँकेलाही वापरतात. तुमच्या हातात त्यांच्या पगाराची किल्ली आली असेल आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसेल. सायबर धोक्यांचा विचार कंपनीच्या सुरक्षा व्यवस्थापनातच झाला पाहिजे, असं आयएमओने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने) २०१७ मध्ये ठरवलं आणि २०२१ पासून जहाज कंपन्यांच्या तपासणीत ते पाहिलं जाऊ लागलं. त्याच २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या घातक प्रोग्रॅमने मर्स्कसारख्या बलाढ्य कंपनीची कॉम्प्युटर यंत्रणा जगभर बंद पाडली होती. जहाजावर या विषयाची सुरुवात अशाच साध्या गोष्टींपासून होते. फिरत्या चिठ्ठ्या, ब्रिजवरच्या एक्डिसला (इलेक्ट्रॉनिक नकाशाच्या यंत्राला) चार्जिंगसाठी लावलेला कोणाचा तरी फोन, कुठून आला ते माहीत नसलेला पेन ड्राइव्ह.

आता बोसनना नाही कसं म्हणायचं? नाही म्हणून थांबूच नका, कारण त्यांची अडचण खरी आहे. "कॉम्प्युटरचं जमत नाही" असं पन्नाशीतला माणूस म्हणतो तेव्हा त्यात बरंच काही दडलेलं असतं. इंग्रजी वाचायला वेळ लागतो, चष्म्याचा नंबर वाढलेला असतो, आणि पोरसवदा ओएसच्या (कनिष्ठ खलाशाच्या) समोर नापास होण्याची लाज वाटते. हे ते तुम्हाला कधीच बोलून दाखवणार नाहीत. तुम्हीच म्हणा, "बोसन, तुमच्या नावावर मी परीक्षा देणार नाही, पण तुमच्या शेजारी बसतो." शिप्स ऑफिसचं दार लावून घ्या. माउस तुमच्या हातात, उत्तर त्यांचं. प्रश्न तुम्ही त्यांना कळेल अशा भाषेत सांगा, उत्तर मात्र सुचवू नका. चुकलं तर चुकू द्या, मॉड्यूलचा तो भाग पुन्हा लावा. प्रश्न वाचून दाखवले हे कॅप्टनसाहेबांना आधी सांगून ठेवा, म्हणजे त्यात चोरटेपणा राहणार नाही.

आणि त्यांच्याकडून शिका, मनापासून. व्हिडिओतलं मूरिंग डेक नेहमी कोरडं, नीटनेटकं आणि उजेडातलं असतं. तुमच्या डेकवर कुठला बिट (दोर बांधायचा खांब) कोणाच्या नजरेआड येतो, दोर तुटला तर तो कुठवर झेपावेल, विंचचा कुठला ब्रेक कुरकुरतो, हे त्या व्हिडिओला माहीत नाही, बोसनना माहीत आहे. पुढच्या महिन्यात मूरिंगचं मॉड्यूल झालं की त्यांनाच डेकवर पंधरा मिनिटं बोलायला सांगा, सगळ्यांसमोर. माझा अनुभव असा की ज्याला शिकवायला उभं केलं तो माणूस शिकण्याच्या बाजूने येतो. डेकवरची साथ जाईल ही तुमची भीती मला समजते, पण साथ अशी मिळते. त्यांच्या वतीने बटणं दाबून मिळालेली साथ पुढच्या महिन्याला पुन्हा तेच मागेल.

थकव्याबद्दल ते जे म्हणाले ते मात्र कॅप्टनपर्यंत गेलंच पाहिजे. एमएलसी (खलाशांच्या कामाच्या अटींचा आंतरराष्ट्रीय करार) आणि एसटीसीडब्ल्यू (त्यांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार), दोन्हींप्रमाणे चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. चोवीस तासांतली ती विश्रांती फार तर दोन तुकड्यांत घेता येते, आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा असावा लागतो. ड्रिलसुद्धा विश्रांती कमीत कमी मोडेल अशी घ्यायची असते. कंपनीने सक्तीचं केलेलं ट्रेनिंग हे माझ्या मते काम आहे, आणि त्याचा वेळ कामाच्या तासांत लिहिला गेला पाहिजे. होल्ड धुऊन आलेल्या माणसाने रात्री नऊ वाजता आगीवरचा व्हिडिओ बघितला, तर त्याच्या डोक्यात काहीही उतरत नाही. उद्याच्या कामावर तो तितका जास्त थकलेला येतो, एवढंच त्यातून निघतं. बंदरातल्या धावपळीच्या आठवड्यात एकही मॉड्यूल ठेवू नका. लांबच्या पल्ल्यावर असताना सकाळी, कामाच्या वेळात, चार-पाच जणांना मेस रूममध्ये एकत्र बसवा आणि व्हिडिओ मध्येच थांबवून बोला.

कॅप्टनसाहेबांशी बोलताना तक्रारीचा सूर नको, हातात कागद घेऊन जा. गेल्या महिन्यात किती मॉड्यूल आली, त्यांना एकूण किती तास लागतात, बंदरातले दिवस किती होते, आणि विश्रांतीच्या तासांत ती कुठे बसतात, हे एका पानावर मांडा. आयएसएम कोडप्रमाणे (जहाजांच्या सुरक्षा व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे) कॅप्टनने जहाजावरच्या सुरक्षा व्यवस्थेचा वेळोवेळी आढावा घेऊन तिच्यातल्या उणिवा किनाऱ्यावर कळवायच्या असतात. ट्रेनिंगचा ढीग लोकांना पेलत नाही, ही तशीच एक उणीव आहे. मेल साधा असू दे: "या महिन्यात मूरिंग आणि बंदिस्त जागा ही दोन मॉड्यूल सर्वांनी पूर्ण केली आणि त्यांची प्रात्यक्षिकं डेकवर घेतली. उरलेली मॉड्यूल पुढच्या प्रवासात घेत आहोत. तारखा सोबत जोडल्या आहेत." ऑफिसातल्या माणसाला आकडा हवा असतो हे खरं, पण कारण आणि तारीख दिली तर बहुतेक जण ऐकतात. कोणी दबाव आणून खोटा आकडा मागितलाच, तर डीपीए म्हणजे कंपनीचा नेमलेला सुरक्षा प्रतिनिधी त्यासाठीच असतो. त्याला थेट वरिष्ठांपर्यंत जाता येतं, आणि त्याचा फोन नंबर जहाजावर लावलेला असतो.

तुमच्या पत्रात एक न विचारलेला प्रश्नही आहे: ही मॉड्यूल मुळात कामाची आहेत का? माझं मत सांगतो. आहेत, पण अर्धीच. ईईबीडी आणि एससीबीए (आगीत शिरताना पाठीवर घ्यायचा हवेचा संच) यांतला फरक, नवा नियम, एखाद्या यंत्राचं कापून दाखवलेलं पोट, दुसऱ्या जहाजावर काय चुकलं याची गोष्ट, हे सगळं पडदा उत्तम दाखवतो. १ जानेवारी २०२६ पासून हिंसा, छळ आणि लैंगिक त्रास रोखणं हा एसटीसीडब्ल्यूच्या मूलभूत प्रशिक्षणाचा भाग झालाय. त्या विषयाची शांतपणे, एकट्याने बघता येणारी मांडणी मला फार मोलाची वाटते, कारण भर मेस रूममध्ये प्रश्न विचारायला सगळ्यांनाच धीर होत नाही. पण हाताला सवय लावणं पडद्याला जमत नाही. पोहण्याचं पुस्तक कितीही चांगलं असलं तरी पाण्यात उतरावं लागतंच, तसं हे आहे.

म्हणून प्रत्येक मॉड्यूलला एक वस्तू बांधा आणि मॉड्यूल झाल्यावर दोन-तीन दिवसांत ती वस्तू लोकांच्या हातात द्या. हे सगळं सामान तुमच्याच ताब्यात आहे, तेव्हा तुमच्याइतकं सोपं कोणालाच नाही. इमर्शन सूटचं (थंड पाण्यात तगण्यासाठीच्या अंगभर पोशाखाचं) मॉड्यूल झालं की घड्याळ लावा. पिशवीतून काढून, कोणाच्या मदतीशिवाय, दोन मिनिटांत अंगात चढला पाहिजे. पहिल्यांदा निम्म्या लोकांची चेन अडकेल, कोणाचा सूट आखूड निघेल, कोणाची चेन मेणाविना घट्ट झालेली असेल. हे सगळं ड्रिलमध्ये कळलेलं बरं. एससीबीएचं मॉड्यूल झालं की एकाला तो चढवून जिने चढ-उतार करायला लावा आणि हवा संपत आल्याची शिटी कधी वाजते ते सगळ्यांना ऐकू द्या. साधारण अर्ध्या तासाचा म्हणून दिलेला सिलिंडर जोरात काम करणाऱ्या माणसाला किती कमी पुरतो, हे तेव्हा समजतं. वापरलेला सिलिंडर त्याच दिवशी भरून ठेवा किंवा सरावासाठीचा वेगळा वापरा.

राफ्टच्या बाबतीत तर सगळ्यांना क्रेडलपाशी (राफ्ट ठेवायच्या चौकटीपाशी) घेऊन जा आणि हायड्रोस्टॅटिक रिलीज (पाण्याच्या दाबाने आपोआप सुटणारी कळ) दाखवा. जहाज बुडालं तर ते चार मीटर खोलीच्या आत सुटतं, राफ्ट वर यायला लागतं, पेंटर (राफ्टचा दोर) खेचला जाऊन राफ्ट फुगतं आणि मग वीक लिंक (मुद्दाम कमजोर ठेवलेला जोड) तुटून ते जहाजापासून मोकळं होतं. पेंटर वीक लिंकऐवजी थेट जहाजाच्या पक्क्या कडीला बांधला असेल, तर फुगलेलं राफ्टही जहाजाबरोबर खाली ओढलं जातं. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवलेल्या माणसाला ही चूक प्रत्यक्षात ओळखता येईलच असं नाही. डोळ्यांनी बघून, बोटाने दोर धरून दाखवला तर येते. खरं म्हणजे तुमच्या जहाजावरच्या प्रत्येक राफ्टचं हे बंधन तुम्ही स्वतः, हे पत्र वाचून झाल्यावर, एकदा बघून या.

वेळापत्रकासाठी डोकं खाजवायची गरज नाही, सोलासने (समुद्रावरच्या जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराने) ते दिलेलंच आहे. प्रत्येकाला महिन्यातून किमान एक अबँडन शिप (जहाज सोडण्याची) आणि एक फायर ड्रिल असते. बंदिस्त जागेतला प्रवेश आणि बचाव यांची ड्रिल, ज्यांच्यावर ते काम पडणार आहे त्यांना, दर दोन महिन्यांनी असते. नव्याने आलेल्याला जीवरक्षक आणि अग्निशमन सामानाची माहिती दोन आठवड्यांच्या आत द्यावी लागते. ज्या आठवड्यात जी ड्रिल, त्याच आठवड्यात तेच मॉड्यूल, असं कॅलेंडर बनवा. आज बहुतेक जहाजांवर या दोन गोष्टी वेगवेगळ्या फायलींत वेगवेगळ्या महिन्यांत चालतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण दोन्हीकडचा वेळ वाया जातो.

ती उत्तरांची वही जप्त करून काही साधणार नाही, दुसरी तयार होईल. त्यातलेच प्रश्न घ्या आणि तुमच्या जहाजावर आणून ठेवा. "ईईबीडी किती मिनिटं चालतो?" याचं उत्तर वहीत असेल. "इंजिन रूममध्ये तळाच्या मजल्यावर सर्वांत जवळचा ईईबीडी कुठे आहे? अंधारात जाऊन हात लावून दाखव," याचं नाही. मोटरमनला हा प्रश्न विचारा, मग कुकला विचारा. इंजिन रूममधल्या लोकांसाठी सेकंड इंजिनिअरला सोबत घ्या, नाहीतर हे सगळं डेकवाल्यांचं खूळ ठरेल.

आता एजंट. त्याच्या वाटेला जाऊ नका.

एसटीसीडब्ल्यूप्रमाणे समुद्रात जीव वाचवण्याचं तंत्र आणि आग विझवणं, या विषयांतलं कौशल्य टिकून असल्याचा पुरावा दर पाच वर्षांनी द्यावा लागतो. लाइफजॅकेट घालणं, एससीबीए वापरणं अशा काही बाबी जहाजावरच्या सरावातून मान्य होऊ शकतात. पण उंचावरून पाण्यात उडी मारणं, उलटलेलं राफ्ट सरळ करणं, लाइफजॅकेटशिवाय तरंगत राहणं, खरी आग विझवणं, या गोष्टी केंद्रात जाऊन, परीक्षकासमोर, स्वतःच्या अंगाने कराव्या लागतात. तुमच्या देशाच्या सागरी प्रशासनाने मान्यता दिली असेल तर थिअरीचा भाग ऑनलाइन होऊ शकतो, त्यात गैर काही नाही. "पूर्ण ऑनलाइन" म्हणणारा माणूस तुम्हाला एक छापील कागद विकतोय. तो कागद एखाद्या बंदरात तपासणी अधिकाऱ्याने पडताळला, तर अडचणीत तुम्ही येणार, एजंट नाही.

कोर्सच्या बदल्यात जहाज, हा दुसरा इशारा. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून थेट किंवा आडमार्गाने पैसे घेण्याला एमएलसीत मनाई आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र, सीमन बुक आणि पासपोर्ट यांचा खर्च तेवढा त्याच्याकडे येऊ शकतो, व्हिसाचासुद्धा नाही. त्या एजंटला पासपोर्टची किंवा सीओसीची (पात्रता प्रमाणपत्राची) स्कॅन पाठवली असेल तर तो संदेश जपून ठेवा, कंपनीच्या क्रूइंग विभागाला कळवा आणि सागरी प्रशासनाकडे तक्रार करा. पाठवली नसेल तर पाठवू नका.

ऑनलाइन शिकायचंच असेल, आणि तुमच्या वयात ते जरूर शिकावं, तर फुकट आणि अस्सल खजिना आहे. ब्रिटनच्या एमएआयबीचे (सागरी अपघात तपास विभागाचे) अपघात अहवाल, चर्प मेरिटाइमकडे गोपनीयपणे आलेले प्रसंग, नॉटिकल इन्स्टिट्यूटची मार्स ही अहवालमाला, पी अँड आय क्लबांचे (जहाजमालकांच्या विमा संघांचे) छोटे व्हिडिओ. यांतला एखादा प्रसंग आठवड्याला निवडा आणि ड्रिलनंतर पाच मिनिटांत लोकांना सांगा. पुढच्या जहाजावर एक्डिस वेगळ्या बनावटीचं असेल, तर त्याच बनावटीची ओळख करून देणारा कोर्स चढण्याआधी उरकून घ्या. सर्वसाधारण एक्डिस कोर्स झालाय म्हणून नव्या पडद्यावर अलार्म कुठे लावायचा ते आपोआप कळत नाही.

रिफ्रेशरसाठी आताच, जहाजावर असतानाच, प्रशासनाच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त केंद्रांच्या यादीतून दोन-तीन निवडा आणि त्यांना सुट्टीच्या तारखा कळवा. सर्टिफिकेटची मुदत कधी संपते ते बघून बॅच निवडा, आणि जहाजावरच्या ड्रिलच्या नोंदींची सही-शिक्क्याची प्रत उतरताना कॅप्टनसाहेबांकडून घ्यायला विसरू नका.